माशीमार गातो किंवा कसे

रविवार, ४ फेब्रुवारी

धाकटी बहीण इथे राहायला आली त्याला तीन आठवडे झाले. ही व्यवस्था कायमची नाही. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिला सोडायला आला तेव्हा त्याने ते नीट सांगितले होते. काही महिने पाहायचे. दोन म्हातारी माणसे एकमेकांना सांभाळू शकतात असे दिसले तर आई इथे राहील, नाही तर तो तिला शहरात आपल्या घरी घेऊन जाईल. 'दिसले तर' म्हणजे कोणाला, हे त्याने सांगितले नाही, पण जाताना दारात माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही काय ते खरं सांगाल. तुमच्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू?" तेव्हा निष्कर्ष मी काढायचा आहे. ज्याला निष्कर्ष काढायचा आहे त्याने स्मरणावर विसंबू नये, हे मी विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवताना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. म्हणून आजपासून रोजनिशी.

धाकटीला शहरात जायचे नाही. मुलाच्या घरातली तिची खोली समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. तिथे तिला, तिच्याच शब्दांत, 'पाकिटात घालून चिकटवल्यासारखं' वाटते. आमचे घर गल्लीतले शेवटचे. मागचे कुंपण संपले की जंगलाचा उतार लागतो आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट त्या उतारावर उघडते. तिचा बराचसा दिवस त्या खिडकीशी जातो.

माझी इच्छा काय, हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे. एवढेच नोंदवतो की ती आल्यापासून मी दोन वेळा जेवतो, आणि दोन्ही वेळा बसून.

आज सकाळी चहा ओतता ओतता ती थांबली.

"दादा, ऐकलंस?"

"काय?"

"गातोय."

"कोण?"

"मला काय माहीत कोण! पक्षी. काय बारीक गळा आहे बघ."

मी ऐकले. खाली कोणीतरी लाकूड फोडत होते. रस्त्यावर एक ट्रक चढ चढत होता. पक्षी नव्हता. तसे मी तिला सांगितले. "तुझं सगळं लक्ष पावाकडे," ती म्हणाली आणि चहा माझ्या बशीत सांडला.

बुधवार, ७ फेब्रुवारी

हाच प्रकार चार सकाळी घडला. तेव्हा वादाचा मुद्दा रीतसर निश्चित करतो: स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पक्षी गातो किंवा कसे.

धाकटीचे म्हणणे असे की गातो. ऊन खिडकीत आले की रोज गातो. गाणे आखूड आहे. सूर जिना उतरल्यासारखे खाली येतात आणि शेवटी एकदम वर चढतात, 'काहीतरी विसरलं म्हणून परत वर गेल्यासारखे'. माझे म्हणणे असे की मी त्याच टेबलाशी, त्याच वेळी बसतो आणि असले काही ऐकत नाही.

शक्यता तीन. पक्षी मी नसताना गातो. किंवा ती दुसऱ्याच कशाचा आवाज पक्ष्याचा समजते. किंवा जे नाही ते तिला ऐकू येते. तिसरी शक्यता लिहिताना हात थांबला. परंतु अप्रिय शक्यता गाळणे हा तर्कातला भित्रेपणा होय.

पहिली शक्यता मी टेबलावर हजर असल्यामुळे बाद. दुसरी तपासण्यासाठी खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल दिले आणि गळका नळ दुरुस्त करून घेतला. आज तिने पुन्हा बोट वर केले.

"बिजागरी नाही, नळ नाही," मी म्हणालो.

"नाहीच आहे! पक्षी आहे म्हणून तर सांगतेय. तू त्याला समन्स काढ दादा, म्हणजे मुकाट्यानं हजर होईल."

"कोणत्या पत्त्यावर?"

"कुंपणापलीकडे, फांदी क्रमांक दोन. घरी नसला तर बायकोच्या हाती दे."

तिचे सगळे आयुष्य बालवाडीत शिकवण्यात गेले. त्यामुळे तिला माझी भीती वाटत नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मनगटी घड्याळाचा गजर बंद पडला आहे. घड्याळजीकडे हा दुसरा फेरा. त्याने बटण दाबून घड्याळ माझ्यापुढे धरले आणि "वाजतंय की, साहेब," असे धडधडीत सांगितले. घड्याळ वाजत नव्हते. गिऱ्हाइकाच्या तोंडावर असे बोलण्याचे धारिष्ट्य पूर्वी कारागिरांत नसे. घड्याळजी बदलला पाहिजे.

संध्याकाळी पत्ते. धाकटी फसवते, आणि पकडले की हसते. पत्ते सोडले तर ती खोटे बोलत नाही. साक्षीदार म्हणून तिच्याविषयी ही गोष्ट मी मान्य करतो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पक्षी आहे. मी स्वतः पाहिला.

कुंपणाच्या तारेवर, आमच्याकडे पाठ करून बसला होता. मुठीत मावेल एवढा. पाठ गडद निळी. उडून वळला तेव्हा छाती नारिंगी दिसली, आणि तो रंग पोटाकडे जाता जाता पांढऱ्यात विरला होता. हवेत एक गिरकी घेऊन त्याने काहीतरी टिपले आणि परत त्याच तारेवर येऊन बसला, जणू त्या जागेचा दस्तऐवज त्याच्या नावावर आहे. सुंदर पक्षी आहे, हे नोंदवण्यास हरकत नाही.

ग्रंथालयातून पुस्तक आणून ताडून पाहिले. निळा माशीमार. उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या जंगलात राहतो, सावली धरून असतो, उडते कीटक खातो. 'आवाज बारीक, गोड, किणकिणता,' असे पुस्तक म्हणते.

धाकटीने पुस्तक माझ्यापुढे उघडे धरले. "आता?"

"या जातीचा पक्षी गातो, एवढेच यावरून सिद्ध होते. हा पक्षी गातो, हे होत नाही. तो इतका वेळ तारेवर होता आणि गप्प होता."

"गप्प?" तिने पुस्तक मिटले. "दादा, तो सबंध वेळ गात होता."

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज प्रयोग केला.

आम्ही दोघे खिडकीशी शेजारी शेजारी बसलो. खिडकीपासून अंतर दोघांचे सारखे. वारा पडलेला. पंखा बंद. बोलायचे नाही, पक्ष्याचा आवाज आला की प्रत्येकाने आपापल्या पुढ्यातल्या वाटाण्यांतला एक दाणा बाजूला काढायचा. मध्ये वर्तमानपत्राची घडी उभी केली, म्हणजे एकाने दुसऱ्याची नक्कल करू नये. ऊन ओट्यावरून खाली उतरेपर्यंत बसलो.

घडी उचलली. तिच्या बाजूला दाण्यांची लहानशी रास होती. माझ्या बाजूला एकही नाही.

आता इथे एक नियम आहे, आणि तो मी माझ्याविरुद्ध प्रामाणिकपणे मांडतो. 'ऐकले' असे म्हणणारा साक्षीदार 'ऐकले नाही' म्हणणाऱ्यापेक्षा वजनदार धरावा, कारण न ऐकण्याला शंभर कारणे असू शकतात आणि ऐकण्याला एकच. हा नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. मात्र त्याला अपवाद आहे: दोघांना ऐकण्याची संधी सर्वतोपरी समान असेल तर हे वजन उरत नाही. अंतर समान होते. शांतता समान होती. लक्ष, निदान माझे, पूर्ण होते. म्हणून अपवाद लागू होतो, आणि तिसरी शक्यता उरते.

मी तिला विवेचन वाचून दाखवले. ती वाटाणे परत डब्यात भरत होती.

"म्हणजे माझं सगळं ऐकीव?"

"ऐकीव म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेले. तू प्रत्यक्ष ऐकल्याचे सांगतेस. तुझी साक्ष ऐकीव नाही."

"मग काय आहे?"

उत्तर देणे तिच्या प्रकृतीला हितावह झाले नसते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात माझे पत्र छापून आले: यंदा रातकिडे पूर्णपणे नाहीसे झाले आहेत, गेले वर्षभर आमच्या परिसरात एकाचाही आवाज नाही, आणि बागांतल्या बेसुमार फवारणीची चौकशी व्हावी. संपादकांनी एकही शब्द गाळला नाही.

धाकटीने ते दोनदा वाचले. नंतर वर्तमानपत्र मांडीवर ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. माझ्या मागे भिंतीवरच्या खिळ्याला मनगटी घड्याळ लटकत होते. त्याकडेही तिने एकदा पाहिले.

"चांगलं लिहिलंयस रे," ती हलक्या आवाजात म्हणाली. मला ते पुन्हा विचारावे लागले. अलीकडे तीही पुटपुटते.

माझ्या लेखनाची तिने स्तुती करण्याचा हा पहिलाच प्रसंग. संध्याकाळी पत्त्यांत तिने फसवले नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

भाच्याला फोन केला.

हा निर्णय सहज घेतलेला नाही. तिला इथे ठेवून घ्यावे असे मला वाटते. आजवर लिहिले नव्हते, आता लिहितो. ज्या निकालात आपला स्वार्थ आहे तिथे न्यायाधीशाने स्वतःवर दुप्पट संशय घेतला पाहिजे. मी गप्प राहिलो तर ते तिच्या हितासाठी की माझ्या दोन वेळच्या जेवणासाठी, हे मला निश्चित सांगता येत नाही. जिथे सांगता येत नाही, तिथे आपल्या इच्छेच्या उलट वागणे हाच सुरक्षित मार्ग.

फोन भाचेसुनेने उचलला. ती अत्यंत अस्पष्ट बोलते. मी 'आई मजेत आहे' असे सांगितल्यावर ती हसली. नंतर कळले की तिने हवामान विचारले होते. भाचा आल्यावर मी वस्तुस्थिती सांगितली: इतर बाबतींत उत्तम, परंतु नसलेला आवाज रोज ऐकू येतो.

त्याने लगेच विचारले, "डोक्याचं काही नसेल ना मामा?" मग म्हणाला, "सतरा तारखेला येतो. गाडी घेऊनच येतो."

गाडी घेऊन येतो म्हणजे काय, ते मला समजले.

ज्याच्याविरुद्ध अहवाल जातो त्याला तो दाखवला पाहिजे. म्हणून जेवताना धाकटीला सगळे सांगितले. ती भडकेल अशी माझी अपेक्षा होती. उत्तर तयार ठेवले होते. तिने भाजीचा चमचा थोडा वेळ हातातच धरला.

"त्याला एवढंच सांगितलंस? मला नाही ते ऐकू येतं, एवढंच?"

"आणखी काय सांगण्यासारखे आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "मीठ कमी पडलंय का बघ."

मीठ बरोबर होते.

शनिवार, २ मार्च

तिने पक्ष्याचा विषय काढणे थांबवले आहे. रविवारपासून एकदाही नाही. आज मी आपण होऊन विचारले, "आज गातो आहे का?"

"नाही रे. कुठं काय?"

सुधारणा स्पष्ट आहे. भाच्याला कळवावे का, याचा विचार करतो आहे. समाधान वाटायला हवे.

शनिवार, ९ मार्च

कुंपणाच्या पायथ्याशी दगडी बांधात एक भोक आहे. माशीमार आणि त्याची मादी तिथे शेवाळ आणून कोंबत आहेत. मादी काहीशी फिकट. काम बहुतेक तीच करते. तो तारेवर बसून देखरेख करतो. धाकटी म्हणाली, "सगळ्या घरात असंच असतं." माझ्याकडे तिने पाहिले नाही, पाहण्याची आवश्यकताही नव्हती.

बांधाजवळचा नळ आम्ही वापरायचा बंद केला आहे. झाडांना पाणी पुढच्या दाराने फेरा घालून नेतो. बादली दोघांनी मिळून धरली की सांडत नाही. रोज संध्याकाळी हे काम असते आणि त्यात, मान्य करतो, अर्धा तास बरा जातो.

पण एक गोष्ट मला सतावते. सकाळी तिची बोटे टेबलावर हलतात. आधी एकेक करून खाली येतात, आणि शेवटी एकदम वर उचलली जातात. पक्षी तारेवर असला की हलतात. नसला की नाही. तिला आवाज ऐकू येतो, आणि ती नाही म्हणते.

भ्रम झालेला माणूस आपला भ्रम लपवतो का? क्वचित लपवतो. परंतु पक्ष्याच्या उपस्थितीशी इतका तंतोतंत जुळणारा भ्रम मला ठाऊक नाही. माझ्या विवेचनात कुठेतरी एक पायरी निसटली आहे. तीन शक्यता पुन्हा वाचल्या. निर्दोष आहेत.

रविवार, १७ मार्च

सविस्तर लिहितो.

भाचा सकाळीच आला. गाडीची मागची सीट त्याने रिकामी ठेवली होती. ते मी खिडकीतून पाहिले, धाकटीनेही पाहिले. तिने तिसरा कप काढला. आम्ही टेबलाशी बसलो. माझी जागा खिडकीसमोर. धाकटीने अंडी सोलायला घेतली. भाचा प्रवासाविषयी काहीबाही सांगत होता, आणि वाक्याच्या मध्यावर थांबला. कप ओठांपाशी तसाच.

"वा! हे कोण गातंय एवढं गोड?"

मी खिडकीकडे पाहिले. माशीमार खिडकीच्या चौकटीवरच येऊन बसला होता. हात पुढे केला असता तर पोचला असता. या वेळी तोंड आमच्याकडे होते. चोच उघडी होती. नारिंगी गळा फुगत होता, थरथरत होता, आणि शेपटी प्रत्येक झटक्याबरोबर हलत होती. अशी धडपड पक्षी उगाच करत नाही. मी टेबलावर पुढे झुकलो.

काहीही ऐकू आले नाही. खाली लाकूड फोडणे मात्र स्वच्छ ऐकू येत होते.

हे समजायला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही. पायरी सापडली होती. दोन साक्षीदारांचे अंतर तपासले, लक्ष तपासले, वारा, पंखा, नळ, बिजागरी, सगळे तपासले. एका साक्षीदाराचे कान तपासायचे राहिले, कारण तो साक्षीदार मी होतो.

धाकटीने त्या वेळी पक्ष्याकडे पाहिलेच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मग अंड्यावरचे टरफल उचलत ती मुलाला म्हणाली, "कोण गातंय? मला नाही बाई ऐकू आलं काही."

"आई! खिडकीतच बसलाय तो. तुझ्या कानाशी!"

"असेल. म्हातारपण, दुसरं काय."

भाच्याने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा पडला. मामाने सांगितले होते की आईला नसलेले ऐकू येते. आता आईला असलेलेही ऐकू येईना. तो माझ्याकडे वळला. "मामा, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना?"

होकार देणे सोपे होते. इथून पुढचा सगळा मार्ग मला दिसत होता: मी हो म्हणालो असतो, तर ऐकू न येणारी व्यक्ती ती ठरली असती आणि दुपारी रिकामी सीट भरली असती. गप्प राहिलो असतो, तरी तेच. तिच्या साक्षीचे आणखी कोणते फळ असू शकते, ते मला तेव्हा दिसले नाही. आताही दिसत नाही.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "आजही नाही आणि आजवर कधीही नाही. पक्षी चोच उघडतो, गळा हलतो, आणि माझ्यापर्यंत काही पोचत नाही. तुझ्या आईला सगळे ऐकू येते. ती आत्ता खोटे बोलली. मी फोनवर सांगितले ते चुकीचे होते. भ्रम तिला नव्हता, मला होता."

"दादा!" धाकटी ओरडली. हे मला ऐकू आले.

"आई?" भाचा म्हणाला.

"अरे, ऐकू येतंय. सकाळपासून गातोय मेला, तिसऱ्यांदा," ती म्हणाली आणि एकाएकी हसू लागली. "पण तुम्ही दोघं मिळून माझी उलटतपासणी का करताय?"

भाचा हसला नाही. "म्हणजे हिशेब असा. मामांना ऐकू येत नाही. आई चक्क खोटं बोलते. आणि जंगलाच्या तोंडावरच्या या घरात तुम्ही दोघं राहणार. दार वाजलं तर? रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"दार वाजलं तर मला ऐकू येतं," ती म्हणाली. "गोळ्यांच्या वेळा मला आठवत नाहीत, त्या ह्याला पाठ. माझे गुडघे दुखतात, बादली हा उचलतो. ह्याला गजर ऐकू येत नाही, तर मी हाक मारते. जिन्यावर दोघं मिळून चढतो. एक अख्खं माणूस होतं की रे आमचं! तू मला नेलंस तर तुझ्याकडे अर्धं येईल आणि इथं अर्धं उरेल."

"गजराचं कधी कळलं तुला?" मी विचारले. तिने अंडे माझ्या बशीत ठेवले.

भाच्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा. काय ते खरं."

"या प्रकरणात माझा हितसंबंध गुंतलेला आहे. माझ्या मताला वजन देऊ नये."

"हितसंबंध म्हणजे?"

"तिने इथे राहावे अशी माझी इच्छा आहे."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. माशीमार, माझ्या समजुतीप्रमाणे, तोवर उडून गेला होता.

"मामा," भाचा म्हणाला, "हे एवढं वाक्य दोन महिन्यांपूर्वी बोलला असतात तर माझं पेट्रोल वाचलं असतं."

अटी दोन: कानाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचे, आणि रोज संध्याकाळी त्याला फोन करायचा. फोनवर आई बोलेल. दुपारी तो एकटाच परत गेला. गाडीशी सोडायला गेलो तेव्हा काच खाली करून म्हणाला, "आई शाळेत असंच करायची, माहितीये? एखाद्या पोराची चड्डी ओली झाली की वर्गाला कळायच्या आत पाण्याचा जग स्वतःच्या अंगावर सांडायची. मग सगळी पोरं तिलाच हसत बसायची."

हे उदाहरण प्रस्तुत प्रकरणाशी कसे संबद्ध आहे, ते त्याने सांगितले नाही.

सोमवार, १८ मार्च

साक्षीदार आपल्याच विरुद्ध खोटी साक्ष का देतो? लाभासाठी नाही, लाभ उलट बाजूला होता. भयाने नाही. हेतू अद्याप अस्पष्ट. तिला विचारले तर म्हणाली, "उगाच कीस पाडू नकोस, बटाटे किसायचेत, ते कर."

सकाळी घड्याळजीकडे जाऊन आलो. दिलगिरी व्यक्त केली. त्याने खुर्ची दिली.

शुक्रवार, २२ मार्च

डॉक्टर तरुण आहेत, आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलतात. कानांवर आवाजाचे यंत्र लावून त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवले. आवाज आला की बटण दाबायचे. मध्यंतरी बराच काळ काहीच आले नाही. परीक्षा संपली असे समजून मी बाहेर पाहिले, तर काचेपलीकडे डॉक्टर काम करतच होते आणि शेजारी बसलेल्या धाकटीने तोंड दुसरीकडे वळवले होते.

त्यांनी आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत बऱ्यापैकी सपाट जाते आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली कोसळते. वयाने होते. जाडे आवाज राहतात, बारीक जातात. बोलण्यातले 'स', 'श' विरघळतात, म्हणून माणसे पुटपुटतात असे वाटते. रातकिडे? "ते आहेत," डॉक्टर म्हणाले. संपादकांना दुसरे पत्र पाठवावे लागेल.

श्रवणयंत्र मिळेल. बोलणे सुधारेल. पक्ष्याविषयी विचारले. "खरं सांगू? तेवढे वरचे सूर यंत्रानेही परत येतील असं वाटत नाही."

"मग यंत्राचा उपयोग काय?" मी म्हणालो.

"माझं बोलणं नीट ऐकू येईल," धाकटी म्हणाली.

"डॉक्टर, ते टाळण्याची काही सोय आहे का?"

डॉक्टरांना हा विनोद वाटला. तो होताच, असे विनोद अलीकडे मला सुचू लागले आहेत.

रविवार, ३१ मार्च

यंत्र आठवडाभर लावतो आहे. धाकटी पुटपुटत नाही, कधीच पुटपुटत नव्हती. नळ, भांडी, पानांची सळसळ, सगळ्याला धार आली आहे. घड्याळाचा गजर किंचित ऐकू येतो, भिंतीआड कोणी शीळ घातल्यासारखा. माशीमार नाही. बांधाच्या भोकातून सकाळी तीन उघड्या चोची दिसल्या, त्याही मुक्याच.

मी वाईट वाटून घेतले नाही. डॉक्टरांनी सांगितले होते, आणि जे सांगितले होते तेच घडले. परंतु चहा पिताना माझा चेहरा काही वेगळे सांगत असावा.

"असं असतं," धाकटी अचानक म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून गायली.

तिचा आवाज जाडा आहे. बालवाडीत तीस पोरांवर चढवून चढवून खरखरीत झालेला. त्या आवाजात तिने एकेक सूर खाली आणला, थोडा थांबवला, आणि शेवटी एकदम वर उचलला. वर म्हणजे तिच्यापुरते वर. सुरात होती की नाही, ते मला कळत नाही. पण ते खाली उतरणे, आणि काहीतरी विसरल्यासारखे पुन्हा वर जाणे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आले.

"तंतोतंत असंच?"

"त्याचा काचेचा आहे, माझा मातीचा. पण चाल हीच."

"पुन्हा."

तिने पुन्हा म्हटले. मी तिसऱ्यांदा सांगितले. चौथ्यांदा सांगावे लागले नाही, तिने आपण होऊनच म्हटले, आणि मी गाण्याच्या बाबतीत जन्मजात दगड असूनही टेबलावर बोटे टेकवत तिच्या मागोमाग खाली उतरलो.

माशीमार तारेवर येऊन बसला होता. ती गात होती तोवर त्याने मान वाकडी करून ठेवली होती आणि चोच बंद. ती थांबली. त्याने चोच उघडली. गळा थरथरला. ती गाऊ लागली तशी चोच मिटली. ती थांबताच पुन्हा उघडली. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि त्याला मी साक्षीदार आहे.

"काय म्हणतो?" मी विचारले. "तुझ्यासारखेच? की काही बदल केला? शेवटचा सूर कसा घेतला?"

धाकटीने माझ्या हातावर हात ठेवला.

"सांगते. आधी त्याचं होऊ दे."

मी थांबलो.